लंचन मीट गळावर टिकत नाही? आधी ते कधी पडतं ते शोधा

टाकताना गळावर लंचन मीटचा छान चौकोनी ठोकळा होता. वीस मिनिटांनी लाइन गुंडाळून घेतली तर नुसता गळ. पुन्हा लावला, पुन्हा टाकला, पुन्हा तेच. इंग्लंडमध्ये नदीवर गरवायला जाणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे गाऱ्हाणं मी इतक्यांदा ऐकलंय, आणि पहिली दोन वर्षं मी स्वतः त्यात इतका पिचलोय, की आता एकदा सविस्तर लिहूनच काढतो.

मी मूळचा चिपळूणचा, हल्ली रेडिंगला असतो. लहानपणी वाशिष्ठीवर गरी टाकायचो ती गांडूळ नाहीतर कोळंबीचा तुकडा लावून. गांडुळाला स्वतःची कातडी असते, कोळंबीला धागे असतात, त्यामुळे गळाला धरून ठेवणारं काहीतरी आत असतं. लंचन मीटमध्ये असं काहीच नाही. डुकराचं मांस बारीक दळून त्यात चरबी, स्टार्च, पाणी आणि मीठ घालून डब्यातच शिजवलेला हा खरवस. सुरीने कापाल तर सुरेख कापला जातो, आणि गळाची तार म्हणजे शेवटी एक बारीक सुरीच. सगळ्या दुखण्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

माशांना मात्र हा प्रकार भलताच आवडतो. 1937 साली अमेरिकेत हॉर्मेल कंपनीने स्पॅम नावाचं लंचन मीट बाजारात आणलं. दुसऱ्या महायुद्धात ते डबे बोटी भरभरून ब्रिटनला आले, आणि इथल्या स्वयंपाकघरातून कधीतरी नदीकाठी पोचले. आज बार्बेल, चब आणि कार्प या तीन माशांसाठी ते हमखास आमिष मानलं जातं. बार्बेल म्हणजे आपल्या महसीरचा लांबचा भाऊबंद. अंग तसंच लांबट, तोंडाशी चार मिशा, जबडा खाली वळलेला, आणि तळाची वाळू हुंगत प्रवाहाच्या विरुद्ध सरकत राहायची सवय. महाडजवळ वाळणकोंडीत देवाचे मासे बघितले असतील तर अंदाज येईल. इथे तो पकडायचा, चटईवर ओल्या हातांनी गळ काढायचा आणि परत सोडायचा. चिपळूणच्या काकांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, मग गरवायला जातोस तरी कशाला?" त्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

असो. मुद्द्यावर येतो.

रिकामा गळ खोटं बोलतो

गळ रिकामा आला की आपण लगेच ठरवतो, मीट खराब आहे. दुसऱ्या दुकानातून दुसरा डबा आणतो. माझ्याकडे एके काळी सात प्रकारचे डबे होते आणि सातही गळावरून पडायचे. डबा बदलण्याआधी एकच गोष्ट शोधायची: मीट पडतं कधी? पडायच्या वेळा चार आहेत. फेकताना हवेत, पाण्यावर आदळताना, तळाशी कोणीतरी कुरतडल्यामुळे, आणि शेवटची, जी कोणाच्या डोक्यात येत नाही, लाइन गुंडाळून घेताना. चौथ्या प्रकारात मीट वीस मिनिटं तळाशी व्यवस्थित बसलेलं असतं. आपण भराभर रीळ फिरवतो, प्रवाहाच्या उलट दिशेने ओढल्यावर ठोकळ्यावर पाण्याचा जोर येतो आणि तो काठापासून दहा फुटांवर गळून पडतो. आपल्याला दिसतो रिकामा गळ, आणि आपण वीस मिनिटं उगाच रिकाम्या गळाने बसलो असं वाटून पुढच्या वेळी आणखी लवकर गुंडाळतो. काही बिघडलेलं नसताना.

म्हणून एक मिनिटाची परीक्षा करा. नेहमीसारखं टाका, शिसं तळाला टेकू द्या, एक मिनिट थांबा आणि अगदी सावकाश, शक्यतो काठाच्या कडेकडेने जिथे प्रवाह मंद असतो तिथून गुंडाळून घ्या. तीनदा करा. तीनही वेळा मीट जागेवर असेल तर तुमची फेक आणि लावायची पद्धत ठीक आहे, चोर पाण्याखाली आहे. तीनही वेळा गळ रिकामा असेल तर चोर तुमच्याच हातात आहे. कधी असतं, कधी नसतं, असं झालं तर बहुतेक वेळा दोष ठोकळ्याच्या मापात निघतो. त्याकडे येतोच.

गळ पाण्यात टाकायचीही गरज नाही. जुना गळ पक्कडने टोक तोडून निकामी करा, त्याला मीट लावा आणि सकाळी मोकळ्या मैदानात गवतावर फेकून बघा. मी हे घरामागच्या मैदानात केलं. शिसं पुढे चाळीस पावलांवर पडलं आणि मीट माझ्यापासून जेमतेम सहा पावलांवर. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईंचा कुत्रा ते खाऊन टाकेपर्यंत मी तसाच बघत उभा होतो. त्या सकाळी कळलं की गेला अख्खा महिना मी इथल्या केनेट नदीच्या काठावर बसून शिस्तीत नुसत्या गळाने मासे पकडायचा प्रयत्न करत होतो.

मोठा ठोकळा जास्त का पडतो

इथे थोडं गणित करू, कारण ते समजलं की बाकीचे उपाय आपोआप सुचतात.

15 मिलिमीटर बाजूच्या ठोकळ्याचं आकारमान साधारण 3.4 घन सेंटिमीटर, म्हणजे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. 20 मिलिमीटरचा ठोकळा 8 घन सेंटिमीटरचा, वजन आठ ग्रॅमच्या वर. बाजू वाढली एक तृतीयांश, वजन झालं अडीचपटीच्या जवळ. पण गळाची तार ठोकळ्यातून जेवढ्या लांबीने जाते ती लांबी वाढली फक्त तेवढीच, एक तृतीयांश. फेकताना झटका बसतो तेव्हा अडीचपट वजन जवळजवळ तेवढ्याच तारेवर लटकतं, आणि तार पनीर कापावं तशी मांस कापत बाहेर येते. आपण मात्र मीट पडतंय म्हणून आणखी मोठा ठोकळा लावतो. म्हणजे आगीत तेल.

यातून तीन गोष्टी निघतात. ठोकळा लहान ठेवा. तार किंवा दोरा आणि मांस यांच्यामध्ये काहीतरी रुंद घाला. आणि मांस घट्ट राहील असं बघा. बहुतेकांचा प्रश्न पहिल्या दोनांतच सुटतो, पण तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे, म्हणून आधी तीच.

थंडावा

मीटमधली चरबी थंडीत घट्ट असते आणि उन्हात लोण्यासारखी होते. जुलैमध्ये प्लॅस्टिकच्या डब्यात ठोकळे कापून काठावर ठेवले की तासाभरात डब्याला आतून घाम येतो आणि ठोकळे बोटाने दाबले तर खड्डा पडतो. असलं मीट गळावर टिकणं शक्यच नाही, मग डबा कितीही महाग असो.

मी आता असं करतो. डबा आदल्या रात्री फ्रीजमध्ये. सकाळी निघताना उघडतो, पातळ धारदार सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घेतो आणि एकदम सरळ कापतो. करवतीसारखी मागेपुढे सुरी चालवली की कडा फाटतात आणि फाटलेल्या कडेतूनच पुढे चीर जाते. मग ठोकळे रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये. चहाचा नाही, तो वेगळा ठेवा. ही चूक मी एकदाच केली. थर्मासमध्ये बर्फाचे दोन खडे छोट्या पिशवीत बांधून टाकले की संध्याकाळपर्यंत मीट घट्ट राहतं. एका वेळी दोन-तीन ठोकळे बाहेर, बाकी झाकण बंद. एवढ्याने माझा निम्मा त्रास संपला.

डबा निवडताना लेबल वाचा. मांसाचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं. स्वस्तातल्या काही डब्यांत स्टार्च आणि पाणी जास्त असतं. ते दिसायला गुळगुळीत, हाताला रबरासारखं, पण नखाने खरवडलं तर पेस्ट होतं. काहींत चरबीचे पांढरे डोळे मोठे असतात आणि तार नेमकी तिथूनच निसटते. ब्रँडवरून वाद घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बोटभर तुकडा कापा, वाकवा. मोडायच्या आधी थोडा वाकला तर चालेल. लगेच भुगा झाला तर चारा म्हणून पाण्यात टाकायला ठीक, गळावर नको.

गळावर थेट लावत असाल तर

जुनी पद्धत आहे आणि चांगली आहे. 15 मिलिमीटरच्या ठोकळ्याला 8 नंबरचा, 20 मिलिमीटरला 6 नंबरचा गळ (नंबर कमी तितका गळ मोठा). बारीक तारेचा नको, जाड तारेचा, रुंद तोंडाचा घ्या. गळाचं टोक ठोकळ्यातून आरपार घाला, पूर्ण बाहेर काढा, गळ पाव फिरवा आणि टोक पुन्हा मांसात खुपसा, इतकंच की टोकाची सुई बाहेर डोकावेल. आता गळाचा वाक मांसाला टेकायच्या आधी काठावरची गवताची जाडसर काडी, नखाएवढी तोडून, त्या वाकात आडवी ठेवा आणि मग दोरा ओढून घट्ट करा. तार आता मांसावर नाही, काडीवर टेकते. काडी रुंद असते, तिला मांस कापता येत नाही.

काडीची युक्ती मला इथल्या एका म्हाताऱ्या गरवेकऱ्याने दाखवली. तो तोंडाने काही बोलला नाही. माझ्या शेजारी बसून दहा मिनिटं मला बघत होता, मग वाकला, गवत तोडलं, माझ्या हातातला गळ घेतला, काडी घातली, परत दिला आणि आपल्या खुर्चीकडे निघून गेला.

हेअर रिग वापरत असाल तर

हेअर रिगमध्ये आमिष गळावर नसतं, गळाच्या मागे लोंबणाऱ्या बारीक दोऱ्यावर, त्या 'केसावर' असतं. कार्पसाठी ही पद्धत 1980 च्या आसपास लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी आणली आणि गरवण्याची दुनियाच बदलली, कारण गळ मोकळा राहिल्यामुळे माशाने आमिष तोंडात घेऊन थुंकलं तरी टोक कुठेतरी लागतंच. पण ही पद्धत टणक आमिषासाठी जन्मली. मऊ मीटवर तीच वापरली की केस सुरीचं काम करतो आणि शेवटचा छोटा प्लॅस्टिकचा अडकवा मांसात घुसून पलीकडून बाहेर येतो.

उपाय दोन रुपयांचा. दुधाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा घ्या, कागदाला भोकं पाडायच्या ऑफिसातल्या पंचने त्यातून चकत्या पाडा. प्रत्येक चकतीच्या मधोमध गरम सुईने भोक. सुईने केस मीटमधून ओढून घेतला की आधी चकती, मग अडकवा. अडकव्याचा सगळा जोर चकतीच्या रुंद तोंडावर पसरतो. एका बाटलीत पाच वर्षांच्या चकत्या निघतात. हे दुकानात पाकिटात मिळतंही, पण पंच आणि बाटली घरात पडलेली असताना चार पौंड कोण देतो?

केसाची लांबी मात्र सांभाळा. ठोकळा आणि गळाचा वाक यांच्यात पाच-सहा मिलिमीटर मोकळं ठेवा. फार लांब ठेवलं तर फेकताना ठोकळा गोफणीसारखा फिरतो आणि सुटतो.

फेक

इथे फार लिहायचं नाही, कारण बहुतेकांची फेक ठीकच असते, घाई असते. मागे झोका देऊन रॉड एकदम पुढे तोडल्यासारखा मारू नका. दोन औंसाचं शिसं असेल तर खालून, झोपाळ्यासारखं सोडा. नदीत बार्बेल बऱ्याचदा काठापासून रॉडच्या दोन लांबींच्या आतच असतो, झाडाच्या फांद्यांखाली. उगाच पलीकडच्या काठावर फेकायची हौस कशाला? शिसं पाण्याला टेकायच्या आधी बोट रिळाच्या कडेला लावून लाइन जराशी रोखा. आदळणं हळू होतं आणि मीट वाचतं. गुंडाळतानाही तेच, सावकाश.

तवा, हळद आणि एक गैरसमज

मीट तव्यावर परतून घ्यायची पद्धत इथल्या इंग्रज गरवेकऱ्यांत फार आहे. आणि ते त्यात काय घालतात, ओळखा. करी पावडर. हळद. लाल तिखट. एकाने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. वर त्याने विचारलं, तुझ्या आईकडे काही खास मसाला आहे का? त्यावर मी आमच्या घरच्या मालवणी मसाल्याची एक पुडी त्याला खरोखर दिली. पुढच्या आठवड्यात त्याने सात पौंडांचा बार्बेल धरला आणि सगळं श्रेय मसाल्याला दिलं.

माझं मत सरळ आहे: श्रेय तव्याचं आहे, मसाल्याचं नाही. मध्यम आचेवर, तेल न घालता तीन-चार मिनिटं ठोकळे हलवत परतले की वरची चरबी सुटते आणि बाहेर बदामी साल येते. ही साल गळाची तार धरून ठेवते आणि लहान मासे सहज कुरतडू शकत नाहीत. मसाला चिकटतो, रंग येतो, वास येतो, पण साल नसती तर तो मसाला पाण्यात धुऊनच जायचा. साधे परतलेले आणि हळद लावून परतलेले, दोन्ही मी एकाच संध्याकाळी आलटूनपालटून वापरले. मला तरी फरक दिसला नाही. हळद घालायची असेल तर घाला, 340 ग्रॅमच्या डब्याला एक चमचा पुरे. मीठ मात्र मुळीच नको, त्यात आधीच भरपूर आहे.

एक सावधगिरी. जास्त परतलं की आतलं पाणी उडून जातं, ठोकळा हलका होतो आणि तरंगायला लागतो. तळाशी चरणाऱ्या माशासाठी तळापासून वर डोलणारा ठोकळा म्हणजे शंका. म्हणून निघण्याआधी पेल्यात पाणी घेऊन प्रत्येक तुकडीतले दोन ठोकळे टाकून बघा. झटकन बुडाले तर उत्तम. रेंगाळत बुडाले किंवा वर राहिले तर ती तुकडी चब पृष्ठभागावर असताना वापरा, बार्बेलला नको. परतलेले ठोकळे टिश्यूवर पूर्ण गार करूनच डब्यात भरा, नाहीतर वाफेने साल पुन्हा मऊ पडते आणि सगळी मेहनत वाया.

घरच्या आघाडीवर: आमच्याकडे डुकराचं मांस स्वयंपाकघरात येत नाही. त्यामुळे एक जुना, कान तुटलेला तवा आणि कॅम्पिंगचा स्टोव्ह गॅरेजमध्ये. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून पोळीच्या तव्यावर परतलं होतं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

परीक्षेत मीट टिकतं, पण वीस मिनिटांनी नसतं

आता पाण्याखालचे चोर. रॉडचं टोक भराभरा थरथरत असेल, टक-टक-टक, तर लहान मासे, मिनो किंवा डेस. ते कोपरे खातात. ठोकळ्याऐवजी मीट पंचने, म्हणजे मीट कापायच्या धारदार नळीने, गोल नळकांडं पाडा, कोपरेच राहत नाहीत. किंवा परतलेलं वापरा. टोक एकदम खाली येऊन परत वर गेलं आणि मीट नाहीसं झालं तर बहुधा चब. तो ओठांनी धरून खेचतो. ठोकळा लहान करा आणि हेअर रिग असेल तर केस आखूड करा.

पण टोक अगदी मंद, झोपेत हलल्यासारखं हलत असेल, आणि दहा मिनिटांत मीट गायब, किंवा जे उरलंय त्याच्या कडा करवतल्यासारख्या असतील, गळाजवळचा दोरा खरखरीत झाला असेल, तर सिग्नल क्रेफिश. अमेरिकेतून 1970 च्या दशकात शेतीसाठी आणलेला हा गोड्या पाण्यातला शेवंडासारखा प्राणी आता केनेट, लॉडन आणि टेम्सच्या खोऱ्यात मुरलाय. इथला मूळचा पांढऱ्या नख्यांचा क्रेफिश त्याच्या रोगाने जवळजवळ संपला. क्रेफिशसमोर तुमचं घट्ट, थंड, साल आलेलं मीटही फार वेळ टिकत नाही. इथे लावायची पद्धत सुधारून काही होत नाही, जागा बदला. मंद पाण्यात, दगडी भिंतींजवळ, झाडांच्या मुळांत ते जास्त असतात. जोराच्या प्रवाहात, स्वच्छ खड्यांवर कमी. जागा बदलायची नसेल तर त्या दिवसापुरतं मीट बाजूला ठेवा आणि टणक बॉयली (उकडून कडक केलेला गोळा) किंवा पेलेट (दाबून केलेली खाद्याची गोळी) लावा, तीही प्लॅस्टिकच्या आकसणाऱ्या नळीत गुंडाळून.

गळावर क्रेफिश आला तर त्याला परत पाण्यात सोडू नका. इंग्लंडमध्ये तो गुन्हा आहे. आणि ज्यांच्या मनात आत्ता रश्शाचे विचार सुरू झालेत त्यांच्यासाठी: सापळा लावून पकडायला एन्व्हायरन्मेंट एजन्सीची, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेची, परवानगी लागते. मी अजून अर्ज केलेला नाही. मनात आहे.

डिसेंबरात उलटा प्रश्न

थंडीत मीट पडत नाही, पण मासा लागत नाही. रॉडचं टोक वाकतं, हिसका मारता, काही नाही. नदीचं पाणी पाच-सहा अंशांवर आलं की मीट दगडासारखं होतं. गळ त्यात खुपसलेला असेल तर हिसका मारल्यावर गळाचं टोक मांसातून बाहेरच येत नाही. मासा ठोकळा सोडून निघून जातो. थंडीत म्हणून गळ मोकळा ठेवणारी हेअर रिगच वापरा, किंवा थेट लावत असाल तर टोक पूर्ण बाहेर असू द्या.

दुसरं, थंड पाण्यात चरबी घट्ट राहते, वास पसरत नाही. गुळगुळीत कापलेला ठोकळा मग नुसता दगड. थंडीत सुरी ठेवून द्या, हाताने तोडा. खडबडीत बाजूंमधून थोडं थोडं तुटत जातं, आणि तेवढाच माग पुरतो. तुकडा लहान, 10–12 मिलिमीटर. चाराही अगदी कमी, चार-पाच तुकडे, कारण या दिवसांत बार्बेल दिवसातून एखाद्या घासापुरतंच तोंड उघडतो. सेव्हर्न नदीवर गरवायला जाणाऱ्यांना हेच लागू, तिथले बार्बेल तरी केनेटचेच. 1956 साली इथून पाचशेच्या आसपास मासे तिकडे नेऊन सोडले, त्यांची ती प्रजा.

बारीकसारीक

तेरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं, आणि 15 मार्च ते 15 जून नद्यांवर गरवणं बंद असतं. जूनच्या 16 ला पहाटे काठावर जागा मिळत नाही, हे लक्षात ठेवून निघा. बार्बेल सोडताना पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत हात सोडू नका. हा मासा दमेपर्यंत झुंजतो; लगेच सोडला तर उताणा होऊन वाहत जातो. मी एकदा पाच मिनिटं गुडघाभर पाण्यात तसा धरून उभा होतो, बुटात पाणी, वर पाऊस.

भारतातल्या मित्रांनी विचारलंय म्हणून: तळ्यावर रोहू-कटल्यासाठी कणकेचा गोळा लावता तेव्हाही हाच सगळा हिशोब. गोळा मऊ म्हणून पडतो, आणि आपण त्याला मोठा करतो. गोळा लहान करा, कणीक घट्ट मळा, आणि मळताना कापसाचे थोडे तंतू टाका. मांसात नसलेले धागे कणकेत घालता येतात, ही त्यात सोय.

डबा काठावर नेऊ नका. बऱ्याच क्लबांत बंदीच आहे, कारण पत्र्याच्या झाकणाने गायींचे पाय कापतात. घरीच कापून न्या. उरलेले ठोकळे पाण्यात ओतून येऊ नका, एवढं फुकट खायला मिळाल्यावर तुमचा गळावरचा कोण खाणार? ते मी घरी आणून गोठवतो. वितळल्यावर जरा भुसभुशीत होतात, गळावर टिकत नाहीत, म्हणून पुढच्या खेपेला फक्त चाऱ्यात वापरतो. फ्रीजर गॅरेजमधलाच, आणि त्या डब्यावर बायकोने जाड मार्करने लिहून ठेवलंय: माशांचं आहे, वाटाण्यांशेजारी ठेवू नये.